चारशे तेरापासून पुढे

मुश्ताक खालूंनी माझं पुस्तक फाडलं. चुकून नाही, घाईत नाही. दुबईच्या विमानतळावर फरशीवर बसून, गुडघा लावून, दोन्ही हातांनी मधोमध फाडलं. आणि हे माझ्या या मावशीच्या नवऱ्याने मला स्वतः सांगितलं. हसत हसत, आमच्याच ओटीवर बसून.

"अगो, येवढं काय करत्येस? पानं सगळी हायेत ना. पानांवर नंबर हायेत. बायंडिंगवाल्याकडं दे, शिवून देईल."

माझ्या हातात जाड निळा पुठ्ठा, त्यावर सोनेरी घंटा आणि आत चारशे बारा पानं. पुढे काही नाही, शिवणीचे दोरे लोंबत होते. रोजा होता म्हणून मी गप्प बसले असं अम्मी सगळ्यांना सांगते. खोटं आहे. मी गप्प बसले नव्हते.

"आणि ती ब्लँकेटं का नाही फाडलीत? तीन ब्लँकेटं आणलीत ना? एक फाडायचं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे, मग घ्यायचं शिवून!"

"सुम्बुल!" अम्मी ओरडली. "मोठ्या माणसाशी बोलत्येस."

मोठा माणूस खो खो हसत होता.

आता हे पुस्तक म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हीही खालूंसारखे हसाल. पाच पुस्तकांची मालिका होती. एक शहर समुद्रात बुडालंय, तिथल्या देवळांच्या घंटा इस्मेरा नावाच्या एकाच मुलीला ऐकू येतात, आणि त्यांच्या मागावर ती निघते. पहिलं पुस्तक माझा भाऊ नौमान याने मुंबईच्या फुटपाथवरून आणलं, तेव्हा मी आठवीत होते. पाचवं आणि शेवटचं आलं तेव्हा बारावीत. महाडात पुस्तकांचं दुकान म्हणजे गाइडं आणि दोनशे पानी वह्या. गोष्टीचं इंग्रजी पुस्तक मागितलं की दुकानदार व्याकरणाचं काढून पुढे ठेवायचा, वर म्हणायचा, "हे वाच, कामाला येईल." त्यामुळे माझ्याकडे एक वही होती. येणाऱ्या पुस्तकांची नावं, तारखा. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत अर्धा तास बसून मी त्या उतरवून आणायचे. पाचव्या भागाची तारीख आधी मार्च होती. खोडली, जून लिहिलं. जूनही खोडलं. शेवटी सप्टेंबर दोन हजार सहा. दोनदा खोडलेली तारीख काय असते ते ज्याने वाट पाहिली त्यालाच कळेल, बाकीच्यांनी मध्ये बोलू नये.

नौमान दुबईत एका दुकानाच्या गोदामात कामाला. सुट्टी टाकून, रांगेत उभा राहून त्याने पहिल्याच दिवशी ते घेतलं. टपालाने पाठवू नको, हरवेल, हे मीच त्याला सांगितलं. मीच. खालू ईदला येताहेत, त्यांच्याकडे दे म्हटलं.

आणि खालूंनी काय केलं? त्या दुबईवाल्यांची एक पद्धत असते. महाड-पोलादपूरकडची दहाबारा माणसं एकाच विमानाने येतात. काट्यावर ज्याची बॅग जड भरते तो तिथेच बॅग उघडतो आणि ज्याची हलकी आहे त्याच्याकडे सामान देतो. मग पंधरा दिवस गावोगाव अदलाबदल चालते. तुमची इस्त्री आमच्याकडे, आमचे खजूर तुमच्याकडे. सामान पोचतं, कुणाचं काही बुडत नाही, हे खरं आहे. पण पुस्तक म्हणजे खजूर आहे का? खालूंची बॅग भरली होती, आणि पोलादपूरजवळच्या कापडे गावच्या महिपतच्या पिशवीत जागा होती. अख्खं पुस्तक मावेना. मग खालूंनी डोकं लावलं.

"बाकीचं महिपतकडं हाय. उद्या आणून देतो."

तो उद्या सहा दिवस आला नाही. तेवढ्यात मी हातातलं अर्धं पुस्तक दोनदा वाचून काढलं. चारशे बाराव्या पानावरचं शेवटचं वाक्य असं होतं की इस्मेरा पाण्याखालचं दार ढकलते आणि आत उभा असतो. कोण उभा असतो? तिचा भाऊ की शत्रू? पान संपलं. मी भिंतीवर उशी फेकली.

त्यात आमच्या वर्गातला मुकुल. डॉक्टरचा मुलगा, त्याचं पुस्तक पुण्याहून आलं होतं, धडधाकट. "वाचलं नाहीस अजून? दिवाळीची सुट्टी संपली की मी काही तोंडाला कुलूप लावणार नाही हां. कोण मरतं माहितेय?" मी कानांत बोटं घातली आणि पळाले. सतरा वर्षांची घोडी, कॉलेजच्या व्हरांड्यातून कानांत बोटं घालून पळतेय! चार वर्षं मी त्या शेवटासाठी थांबले होते, आणि तो मला मुकुलच्या तोंडून कळणार होता. मला तो स्वतः वाचायचा होता, बाकी काही नको होतं.

सातव्या दिवशी मी अम्मीला म्हटलं, "मी कापड्याला चालले."

"रोज्यात? उन्हात? खालू जातील उद्या."

"खालूंचा उद्या मला माहीत आहे."

एसटीने पोलादपूर, तिथून आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन कापडे. वाटेत दोन्ही बाजूंना भातकापणी चालली होती. घशाला कोरड पडली होती आणि तळपायाची आग मस्तकात गेली होती. जीपमध्ये बसून मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते. लोकांच्या वस्तू वेळेवर द्याव्यात. सात दिवस म्हणजे काय चेष्टा आहे? असं बरंच.

महिपतचं घर विचारायला लागलं नाही. अंगणात दुबईची नवी चादर वाळत होती. महिपत खळ्यात भात झोडत होता, पन्नाशीचा, काळा, हडकुळा माणूस. मी म्हटलं, "मी महाडहून आले. मुश्ताक खालूंनी पुस्तक दिलं होतं तुमच्याकडे."

त्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली. त्याने आधी घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाय, जरा हिकडं या," तो हळू आवाजात म्हणाला, खळ्याच्या पार पलीकडे जात. "तुमचं बराबर हाय. पन आज नगा नेऊ. मी सोता उद्या म्हाडला आणून देतो. सपत."

उद्या! परत तोच शब्द. माझं डोकंच फिरलं.

"उद्या का? आज का नाही? आहे ना घरात?"

"हाय, हाय. हळू बोला, बाय. दोन दिस द्या मला."

"आधी उद्या, आता दोन दिवस! मी रोजा धरून महाडहून आलेय. फाडलं, ते फाडलं, आता द्यायलाही नको? हरवलंत की काय?"

त्याने दोन्ही हात जोडले. मला वाटलं, झालं. हरवलंच. चुलीत घातलं असणार. मी त्याला तिथेच सोडलं आणि तरातरा घराकडे गेले. तो "बाय, बाय" करत मागून आला. त्याची बायको बयाबाई दारात पाणी घेऊन आली, मी नको म्हटलं, रोजा आहे म्हटलं, आणि तिच्या खांद्यावरून आत पाहिलं.

ओटीवर चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पोटावर झोपून वाचत होती. माझं पुस्तक! अर्धं. त्याला तिने खाकी कव्हर घातलं होतं आणि वर लेबल चिकटवलं होतं. कुमारी सुगंधा महिपत, इयत्ता नववी. शेजारी फाटकी इंग्रजी-मराठी डिक्शनरी. आणि हातात पेन्सिल.

मी चपला न काढताच वर गेले. पान दिसलं. प्रत्येक ओळीवर बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिले होते. समासात, ओळींच्या मध्ये, सगळीकडे.

मी माझ्या पुस्तकांना प्लास्टिकचं कव्हर घालते. पान दुमडलेलं मला चालत नाही. सख्ख्या चुलतबहिणीला मी पुस्तक दिलेलं नाही.

"कुणी सांगितलं तुला यात लिहायला?"

मुलगी उठून बसली. घाबरली नाही. "माझं हाय," ती म्हणाली. "बाबांनी आणलंय माझ्यासाठी. दुबईहून."

मागे महिपत उभा होता. मी वळून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा. आज विचार करते तर त्याचा चेहरा मला लख्ख दिसतो. त्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं, आणि मी, सहाशे पानांची पुस्तकं तीन दिवसांत संपवणारी, मला ते वाचता आलं नाही. खरं सांगू? आलं. अर्धं तरी आलंच. पण माझ्या तोंडात शब्द तयार होते, आणि सात दिवसांचा राग होता.

"तुझं कसं असेल? तुझं असतं तर आधीची चारशे पानं कुठे गेली? हे मधूनच सुरू झालेलं दिसत नाही का तुला? हे माझं आहे. माझ्या भावाने पाठवलंय. विमानात वजन जास्त झालं म्हणून फाडून तुझ्या बाबांच्या पिशवीत टाकलं होतं. नुसतं टाकलं होतं!"

खळ्यात कोंबड्या भातावर आल्या होत्या, त्यांना हाकलायला कुणी गेलं नाही.

सुगंधाने बापाकडे पाहिलं. "बाबा?"

बयाबाईच बोलली, माझ्याकडे बघून. "तीन वर्सांनी आलं घरला. पोरीनं पत्रात लिवलं व्हतं, इंग्रजी पुस्तक आना. येताना कंपनीनं पगारच नाय दिला. पिशवी उघडली तर हिनं हेच आदी उचलला. येवढी नाचली. मंग कसा सांगनार तो? म्हनला, व्हऊ दे वाचून, मंग गुपचूप देऊन येतो म्हाडला. बाजारातनं दुसरं आनतो आनि सांगतो बदलून आनला म्हनून."

खालूंचा राग आला. खालूंना काय जात होतं हे आधी सांगायला? नौमानचा आला, अम्मीचा आला. त्या महिपतचा तर असा आला की सांगता येत नाही. हळू बोला, हळू बोला काय करत होता? माझं तोंड दाबायचं ना! त्याने मला दोन थोबाडीत द्यायच्या होत्या.

सुगंधा रडेल असं मला वाटलं. रडली असती तर बरं झालं असतं. तिने दप्तर ओढलं, कंपासपेटीतून खोडरबर काढलं आणि चारशे तेरावं पान उघडून पेन्सिलीने लिहिलेले अर्थ खोडायला लागली. एकेक शब्द, कागद दुखणार नाही असा.

"अगं, राहू दे," मी म्हटलं.

"नाय. तुमचं हाय ते."

"खरंच राहू दे. असू दे लिहिलेलं."

ती खोडत राहिली. पान झालं की फुंकर मारायची, तळहाताने पुसायची, पुढचं पान. किती पानं लिहिली होती तिने सहा दिवसांत! दोनशे तरी असतील. महिपत पायरीवर बसून होता, पाठ आमच्याकडे. मी ओटीवर उभी, पायात चपला तशाच, त्या कधी काढायच्या तेही मला सुचत नव्हतं.

शेवटी मी तिच्यासमोर खाली बसले. पिशवीतून पुस्तकाचा पहिला अर्धा भाग काढला. शिवायला टाकू म्हणून मी तो बरोबर आणला होता. निळा पुठ्ठा, सोनेरी घंटा. मी तो तिच्या पुढ्यात ठेवला.

"हा सुरुवातीचा. दोन्ही तूच ठेव. मी भावाकडून दुसरं मागवते." आणि हे मी मनापासून म्हटलं, खोटं नाही. त्या क्षणी इस्मेराच्या दाराआड कोण उभा आहे याची मला काडीची पर्वा नव्हती. "आधी हा वाच, मग तुला सगळं कळेल. फार छान आहे गं. तुला आवडतंय ना?"

तिने पुठ्ठ्याकडे पाहिलं, सोनेरी घंटेवर हातसुद्धा फिरवला नाही. पुस्तक तसंच माझ्याकडे सरकवलं आणि परत खोडरबर हातात घेतलं.

"मला काय कळत नव्हतं त्यातलं," ती म्हणाली. "बाबांनी आणलंय म्हणून वाचत व्हते."