तेल प्यालेलं झाकण

आमच्या गोकुळची एक खोड मला जन्मात पटली नाय. काम हातात घेतलं की तो ते संपू देत नाय. भाकरीवर करपलेला ठिपका दिसला तर नखानं खरवडत बसंल, तोवर कालवण गार. स्वतःच्या लग्नात फेट्याचा शेमला सरळ पडंना म्हणून नवरदेव मांडवाबाहेर, आणि भटजी आत मंगलाष्टकं धरून बसलेला. लोक म्हणायचे, पोरगं लई नेटकं. मीही मिरवलं. तेव्हाच कान पिरगाळायला पाहिजे होता.

आता जीपचं सांगते. आमच्या मालकांनी अठ्ठावीस वर्षं फुलंब्रीहून शहरात काळीपिवळी जीप चालवली. पंधरा-पंधरा माणसं भरली, दोन लटकवली, पण एकाच्याही पायाला खरचटलं नाय. दिवाळीच्या तोंडावर त्यांचं उजवं अंग गेलं. वाचाही गेली, एवढा एक शब्द उरला, गाडी. पाणी पाहिजे असलं तरी गाडी, कूस बदलायची असली तरी गाडी. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आता सेवा करा. आम्ही बाज पडवीत टाकली, समोर जीप दिसंल अशी.

गोकुळनं बापाच्या पायाला हात लावून सांगितलं, की इंजिन खोलतो, नवं करतो, आणि संक्रांतीला तुमच्यासमोर चालू करतो. मालकांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मी समजले, ह्या माणसाचा जीव आता त्या आवाजासाठी थांबलाय. तो कानावर पडला की सुखानं जाईल.

आणि गोकुळनं काम केलं, खोटं कशाला बोलू. कंपनीतून आला की लागायचा. पिस्टन बदलले, रिंगा बदलल्या, संक्रांतीच्या आधी इंजिन बसवलं. राहिलं फक्त इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. ओतीव अल्युमिनियमचं, हातभर लांब. ते आवळलं की गाडी चालू.

पण त्यानं मोबाईलमधी कुणाचं तरी इंजिन बघितलं होतं. लाल, काचेसारखं चमकणारं. त्याला पावडर कोटिंग म्हणतात. मला समजावून सांगितलं, की रंग ओला नसतो, पिठासारखा कोरडा असतो, बंदुकीनं फवारतात, विजेच्या जोरावर चिकटतो, मग भट्टीत भाजतात. मी म्हणलं, इंजिन काय रंगावर चालतं का रं? तर म्हणे, माय, आबांसाठी करायचं तर नव्यासारखंच करायचं.

मग सुरू झाली दुकानांची हुडकाहुडकी.

पहिलं दुकान वाळूजला. खिडक्यांच्या जाळ्या आणि कपाटं रंगवणारं. आठ दिवसांनी झाकण आलं, रंग लाल, आणि अंगभर फोड. पापड भाजताना येतात तसे. गोकुळनं ते खरवडून दुसरीकडं नेलं, चिकलठाण्याला. तिथून आलं त्यालाही फोड, वर रंग नखानं सुटायला लागला. तिसऱ्यानं नुसते वायदे केले. शिवरात्र गेली, होळी गेली. शेवटी गोकुळ न सांगता जाऊन धडकला तर झाकण कोपऱ्यात पालथं, त्याच्यावर चहाचे पेले वाळत ठेवलेले. त्या तिघांना मी इथं बसून अशा शिव्या दिल्या, की शेजारणीनं पोरं घरात घेतली.

गोकुळची सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी तो झाकण पिशवीत घालून निघायचा, दिवेलागणीला यायचा. आला की दुकानांच्याच गोष्टी. ह्याची भट्टी लहान, त्याची पावडर हलकी, हा किती डिग्रीवर भाजतो. बापाकडं लांबूनच बघायचा, आबांनी खाल्लं का विचारायचा, आणि हातपाय धुवायला जायचा. बाजेवर टेकलेला मी त्याला संक्रांतीनंतर बघितला नाय. पाठ पुसायला मी, तोंडात चमचा घालायला सूनबाई, सत्यशीला. सत्यशीला एकदा म्हणाली, ते झाकण तसंच बसवा की. तिच्यावर खेकसला.

पाडव्यापर्यंत मालक गाडी म्हणत होते. पुढं नुसतं गा उरलं. मग तेही गेलं, नजर तेवढी जीपकडं.

परवाच्या गुरुवारी मी पदर खोचला आणि म्हणलं, मीही येते. क्रांती चौकातल्या एका स्पेअरपार्टवाल्यानं रेल्वे स्टेशनकडच्या मुनीर मिस्त्रीचं नाव दिलं होतं. मोटारसायकलवर मागं बसले, झाकण मांडीवर, धडुत्यात गुंडाळून.

मी दुसरी शिकलेली बाई. पण दुकान चांगलं का वाईट हे कळायला शाळा लागत नाय. मुनीर मिस्त्रीची फरशी झाडलेली होती. पार्ट अडकवायचे लोखंडी आकडे एका मापानं टांगलेले. आणि दारातच एका फळीवर त्याच्या हातून बिघडलेले पाच-सहा पार्ट मांडून ठेवलेले. मी विचारलं, हे कशाला दाखवता? म्हातारा म्हणाला, अम्मा, गिऱ्हाईकाला बी कळावं माझ्याकडून काय होत नाय ते. मला वाटलं, देवा, सापडलं एकदाचं दुकान.

त्यानं झाकण घासलं, धुतलं, रंग न मारता तसंच भट्टीत ठेवलं. थोड्या वेळानं चिमट्यानं बाहेर काढलं. त्या कोरड्या झाकणाला घाम फुटला होता. बारीक बारीक थेंब, तांबूस.

"अम्मा, इसके उप्पर तेल कौन लगाता था?" त्यानं विचारलं.

मी मान ताठ करून सांगितलं. दर दसऱ्याला, दर अवसेला, मी. शेंदूर तेलात कालवून पाच बोटं. मालक फेरी करून घरी आले की गाडी दारात उभी राहायची, बॉनेट उघडायचं, आणि इंजिन तापलेलं असतानाच लावायचं, म्हंजे शेंदूर धरतो. माझ्या सासूनं तसंच शिकवलं होतं. अठ्ठावीस वर्षांत एक अवस चुकली नाय, म्हणून तर गाडीला ओरखडा नाय.

मिस्त्रीनं चिमटा खाली ठेवला. मग हळू आवाजात बोलला, जसं डॉक्टर बोलले होते तसं.

"ओतीव धातूला बारीक भोकं असतात अम्मा. गरम असली की तेल पी जाती. आता कितीही भाजा, भट्टीत तेल वर येणार, फोड येणारच. ये मेरे से होता नय. दुसऱ्याकडून बी होणार नाय. जैसा है वैसा बसवा आणि गाडी चालू करा."

चहा पाजला. हात जोडून वाटेला लावलं. एवढ्या महिन्यांत चांगलं म्हणावं असं एकच दुकान भेटलं, आणि त्यानं नाय म्हणलं. त्या तिघांना दिलेल्या शिव्या मी हर्सूल येईस्तोवर एकेक करून गिळत होते. बोटं माझी, तेल माझं.

वाटेत गोकुळला म्हणलं, आजच बसव, दिवस मावळायच्या आत. फुलंब्रीच्या अलीकडं म्हणाला, माय, पुण्यात एक जण हाय म्हणं, यंत्रानं तेल ओढून काढतो.

घरी आलो तर सत्यशीला दारात उभी. दुपारपासून आबा पाणी गिळत नायत, म्हणाली, कडेनं बाहेर येतंय. मी बाजेवर बसले. डोळे अर्धे उघडे होते, पण जीपकडं नव्हते, कुठंच नव्हते. मी झाकण धडुत्यातून काढलं, माझ्या मांडीची ऊब अजून जरा होती त्याला. त्यांच्या डाव्या हाताखाली सरकवलं. ज्या हातानं अठ्ठावीस वर्षं गिअर टाकला त्याची बोटं वळली नाहीत. मी कानाशी वाकून सांगितलं, की तुमच्या गाडीला मीच तेल पाजलं, माझ्यानं उशीर झाला. ऐकलं का नाय, कुणास ठाऊक.

मान वर केली तर गोकुळ जीपच्या पलीकडं, आमच्याकडं पाठ करून, कानाला मोबाईल. पुण्यावाल्याला विचारत होता, पार्सलनं पाठवलं तर चालंल का, किती दिवस लागतील.

मी त्याला हाक मारली. आला, पण उंबऱ्यातच थांबला, फोन चालूच. सूनबाईसमोर बोलायला नको होतं, पण बोलले.

"फोन ठेव गोकुळ. तेल मी पाजलं, ते माझं चुकलं, मी मालकांना सांगून मोकळी झाले. आता तुझं ऐक. बाप मरताना बघायची तुझी छाती नव्हती, म्हणून तू दुकानं हुडकत फिरलास. चांगलं दुकान पहिल्याच दिवशी भेटलं असतं तरी तू त्यात खोट काढली असती. गाडी आता चालू केली काय आणि नाय केली काय, ऐकणारा गेलाय, श्वास तेवढा उरलाय. भित्रा निघालास तू. ये, बस इथं, हात धर त्यांचा. तेवढं तरी अर्धं सोडू नको."