अर्जावरचा शिक्का

फुसाएने खणातून सहीच्या जागी वापरायचा घरचा शिक्का काढून तळाशी बोट टेकवलं. बोटाला लाल शाई लागली. मिओरीच्या हायस्कूल प्रवेशाच्या अर्जावर तिने तो उमटवला, त्याला तीन आठवडे झाले होते. एवढ्यात शाई वाळायला हवी होती.

शाळा बदलून मागायची मुदत उद्या संपत होती. पोरगी परीक्षेला घाबरली. गुपचूप कुठलीतरी सोपी शाळा भरून आली असणार.

"मिओरी, हा खण तू उघडलास?"

"नाही, आई." मिओरीने वहीतून मान वर केली नाही.

शेगडीपाशी बसलेले सासरे, तोकुजी, उगाच खोकले. फुसाएने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. जेवताना मिओरीने भात अर्धा टाकला, तेही तिने मनात टिपून ठेवलं. नवरा गेल्यापासून घरातला प्रत्येक कागद तिच्याच हातून जात होता. स्टेशनाजवळची शाळाही तिनेच निवडली होती. हमखास मिळणारी. आता तीही पोरीला अवघड वाटावी?

दुसऱ्या दिवशी दुपारी मासळीच्या कारखान्यातून लवकर निघून ती थेट मिओरीच्या वर्गशिक्षकांकडे गेली.

"सर, अर्ज बदललाय ना तिने? सोपी शाळा घेतली ना?"

"सोपी?" कुवाबारा सरांनी कागद तिच्यापुढे सरकवला.

जिल्ह्यातली सगळ्यात अवघड शाळा. डोंगरापलीकडची. पालकाच्या जागी तिचाच शिक्का, पण तिरका, थरथरत्या हाताचा.

"घरात बोलणं झालंय, असं आजोबा म्हणाले. बर्फातून चालत आले होते."

फुसाएने त्या तिरक्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

"हरकत असेल तर चारपर्यंत बदलून देतो," सर हळूच म्हणाले.

"नाही मिळाली तर?"

"तर महागडी खाजगी शाळा. ते ती जाणून आहे. आईला कसं सांगू, असं मला विचारत होती."

घड्याळात सव्वातीन झाले होते. फुसाएने कागदावरून एकदा हात फिरवला, तो सरांकडे परत सरकवला आणि वाकून निरोप घेतला.

घरी पोचायला तिला अंधार पडला. तिची चाहूल लागताच तोकुजींनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मिओरी वाट्या मांडता मांडता थांबली.

"डोंगरापलीकडे जाणारी पहिली बस पाच पन्नासची," बूट काढता काढता फुसाए म्हणाली. "बर्फ असला की वीस मिनिटं उशीर. स्टँडवर विचारून आले."

मग ती सासऱ्यांकडे वळली.

"बाबा, पेपर उलटा धरलाय तुम्ही. ठेवा तो, आणि मुळा किसायला घ्या."