विमलाच्या कमरेचा फोटो

भात सोडला तर वजन उतरतं का? लिंबूपाण्याने चरबी वितळते का? सोलकढी चालते का? मालवणातल्या आमच्या घरी बसून मी या प्रश्नांची उत्तरं इतक्यांदा दिली आहेत की झोपेतही देईन. नाही, नाही, आणि चालते. पण तिच्याबरोबर ताटात डोंगराएवढा भात नको.

बायकांना घरच्या घरी व्यायाम शिकवणं हा माझा धंदा. फोनवर ग्रुप आहे, फक्त बायकांचा. दर रविवारी प्रत्येकीने कमरेला टेप लावून फोटो टाकायचा, चेहरा नको. दुसऱ्या बाळंतपणानंतर तुळसाने पहिला फोटो टाकला, त्याआधी ती फोनवर रडली होती. 'दीपिकाताई, फोटो आपल्यातच रवतलो मां?' मी शब्द दिला होता.

गणपती आटोपल्यावर आचऱ्याची विमला आली. ग्रुपमध्ये घेण्याआधी मी प्रत्येकीशी बोलते. हिचा आवाज इतका गोड, की मलाच अवघडल्यासारखं झालं. पण तिचे प्रश्न! 'रात्रभर जागल्यावर सकाळी व्यायाम करावा की झोपावं?' 'नऊवारी घट्ट नेसली की बोलताना दम लागतो, काय करू?' आणि एकदा, 'रडताना पोट हलतं, ते आत कसं धरू?'

रडताना कुठली बाई पोटाकडे बघते? आणि फोटो? टेप सापडत नाही, फोन बिघडलाय, पाहुणे आलेत. दर रविवारी नवं कारण. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गोड आवाजाचं काय, आजकाल फोनमधून हवा तसा काढता येतो. कोणी तरी मेला बायकांच्या कमरा बघायला घुसलाय, अशी माझी खात्रीच झाली. काढून टाकणं एका बोटाचं काम होतं. पण मला त्याला रंगेहाथ धरायचं होतं, चारचौघांसमोर. म्हणून मी गप्प राहिले. बायकांनाही काही बोलले नाही. दोन रविवार तसेच गेले, मग सवड मिळाली तशी स्कूटर काढली.

विमलाने नाव नोंदवताना दिलेला पत्ता आचऱ्याच्या देवळामागचा. अंगणात काडीसारखी एक बाई तांदूळ पाखडत होती.

'विमला तुम्हीच?'

'मीच. कित्याक?'

'तुम्ही माझ्याकडे व्यायाम शिकता ना?'

ती हसायलाच लागली. 'माका कसलो व्यायाम गो बाय? वाऱ्यान उडतंय मी. फोन माझो घोवाकडेच आसता.'

फोन नवऱ्याकडे, म्हणजे माझा संशय खरा ठरला, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. मागच्या पडवीतून धापा ऐकू येत होत्या. तरातरा गेले. पन्नाशीचा एक ढेरपोट्या माणूस नऊवारी नेसून, भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून बसला होता. अगदी मी शिकवलं होतं तसा.

'लाज नाय वाटत?' मी ओरडले.

तो उठला, त्याने पदर सावरला. 'बसा, दीपिकाताई,' तो म्हणाला. तोच गोड आवाज.

'मी गणपत. दशावतारात राणी करतंय, मिशी फुटूच्या आधीपासून. गेल्या जत्रेत राणी पोराच्या मढ्यावर रडता, आणि कोणतरी आराडलो, राणीक आठवो म्हयनो लागलो! सगळी जत्रा हसली. आता मालक म्हणता, दिवाळीनंतर राक्षस कर. बाप्यांच्या ग्रुपात छाती कशी फुगवूची ता सांगतत. माका बायलेची कंबर होयी. ती खंय शिकतलंय?'

'आणि बायकांचे फोटो?'

'एकव उघडूक नाय. पोराची शपथ.'

मी विश्वास ठेवला. थोडा. आयुष्यभर राणी करणारा माणूस शपथही झकासच घेणार, हेही मनात आलं. त्याच्यासमोरच मी त्याला ग्रुपमधून काढलं. मी निघाले तेव्हा त्याने फक्त विचारलं, 'पोट दिवाळीपर्यंत उतरात?'

'नाही,' मी म्हटलं. मला वाईट वाटलं, पण खोटी आशा मी कुणाला लावत नाही.

घरी येऊन ग्रुपवर सगळं लिहिलं. विमला हा पुरुष होता, त्याला काढलंय, नाटकात राणी करतो, माणूस वाईट नसावा. शेवटचं वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. मला वाटलं, बायका चिडतील, मग हसतील.

पण आला तो तुळसाचा प्रश्न. 'ताई, तुमका संशय केव्हापासून होतो?'

खोटं सांगता आलं असतं. मी खरं लिहिलं, दोन रविवार आधीपासून. त्या दोन्ही रविवारी तुळसाचा फोटो आला होता आणि मी खाली शाबास लिहिलं होतं. ती ग्रुपमधून बाहेर पडली, आणि तिच्यामागोमाग दुसरी.