म्हशीमार्फत

सकाळी दूध उतू गेलं, चूल विझली आणि नवरा बिनदुधाचा चहा पिऊन तोंड वाकडं करत बाजारगावाला निघून गेला, तरी घरातल्या थोरल्या सुनेनं ते मनाला लावून घेतलं नाही. तिनं भांड्याच्या तळाची खरवड चमच्यानं खरवडली, वर चिमूटभर साखर टाकली आणि दारात उभ्या उभ्या खाऊन टाकली. जगानं आपलं एक नेलं तर आपणही जगाचं एक घ्यावं, हा तिचा जुना बाणा होता.

शेताच्या वाटेवर चपलेचा अंगठा तुटला. चपलेच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाल्यावर तिनं दोन्ही चपला काखेत मारल्या आणि शेजाऱ्याच्या नुकत्याच भिजवलेल्या वावराच्या कडेनं चालायला लागली. बोटांच्या फटीतून गार चिखल वर आला. हेही काही वाईट नाही, असं तिला वाटलं.

पण विहिरीवर पोचली आणि तिचा बाणा लुळा पडला. काल तिन्हीसांजेपर्यंत वाकून, कंबरेचे टाके ढिले करून तिनं वांग्याची चारशे रोपं लावली होती. ती आता उन्हात माना टाकून पडली होती. आज पाणी मिळालं तर जगणार, नाही तर उपटून म्हशीपुढं टाकायची. विहीर दोघा भावांची, पाण्याची पाळी एक दिवसाआड. उद्याची पाळी धाकट्या दिराची. वीज अकराला येणार आणि दोनला जाणार. त्यात विहिरीतल्या पाइपाची झडप गळकी झालेली. तीच आणायला नवरा बाजारगावाला गेला होता. “मी येईपर्यंत घरी बस,” असं सांगून गेला होता. जणू रोपंही त्याची वाट बघत बसणार होती.

गळक्या झडपेला दोन माणसं लागतात. एकानं मोटरीत बादलीनं पाणी ओतत राहायचं आणि पाइप भरला की त्याच क्षणी दुसऱ्यानं वीस पावलांवरच्या खोपीतलं बटण दाबायचं. थोरली एकटी होती. ती बादली ओतायची, धावत खोपीत जायची, बटण दाबायची. तोवर पाइप रिकामा होऊन मोटर नुसतीच घुमायची. चार वेळा असं झालं. पाचव्या वेळी ती दगडाला ठेचकाळली आणि बादली तिच्याच अंगावर सांडली. तेवढंच अंग गार झालं, म्हणून तिनं तेही पदरात पाडून घेतलं. पण साडेबारा झाले होते.

पलीकडच्या वावरात धाकटी जाऊ कांदे खुरपत होती. म्हणजे खुरपं जागच्या जागी हलत होतं, नजर सगळी मोटरीवर. दोघींमध्ये नऊ दिवस अबोला होता. निमित्त काय, तर धाकटीनं नेलेलं पातेलं पोचा पडून परत आलं. थोरली म्हणाली, “तुझ्या हाताला वळण नाही.” धाकटी म्हणाली, “तुमच्या जिभेला हाड नाही.” मग भर अंगणात, दोन्ही नवऱ्यांदेखत, आधी बोलेल ती हरली, असं ठरून गेलं. तेव्हापासून दोघी एकाच अंगणात मुक्यासारख्या वावरत होत्या आणि दोन्ही भाऊ घशाखाली घास ढकलत होते.

दोघींच्या मधोमध, बांधावरच्या झाडाखाली, थोरलीची म्हैस बांधलेली होती. धाकटी खुरपं घेऊन सावलीला आली आणि म्हशीला म्हणाली, “बघ गं म्हशे. हात दोनच, पण काम चौघांचं करायला निघालेत काही जण. मेले तरी चालेल, नाक वर पाहिजे.”

थोरलीनं बादली आपटली. “म्हशे, सांग तिला. नाक आमचं आहे. वर ठेवू नाही तर खाली.”

“म्हशे, नाकानं बटण दाबता येत असेल तर दाबा म्हणावं.”

थोरलीला हसू फुटलं. ते दिसू नये म्हणून तिनं विहिरीत वाकून बघितलं. मग वळून म्हणाली, “म्हशे, कुणी खोपीत जाऊन उभं राहिलं, तर आम्ही काही हाकलून देणार नाही.”

“ही विनंती का हुकूम, ते विचार गं म्हशे.”

“म्हशे, एक वाजत आला! रोपं मरतील गं माझी!”

धाकटी खुरपं टाकून खोपीकडे पळाली. थोरली बादलीवर बादली ओतत राहिली. पाइपाच्या तोंडाशी पाणी आलं तशी ओरडली, “म्हशे, भरलं! दाब!”

मोटर घुमली, पाइप खोकला, दोनदा गढूळ थुंकला आणि मग धो धो पाणी पाटात पडायला लागलं. पहिल्या ओळीच्या मुळाशी ते पोचलं, तेव्हा थोरलीचे डोळे भरून आले.

दोघी पाटाच्या कडेला बसल्या. पाय पाण्यात, मध्ये हातभर अंतर, तोंडं दोन दिशांना. धाकटीनं काकडी चिरून मीठ लावलं आणि अर्धी मधल्या दगडावर ठेवली.

“म्हशे, कडू नाही म्हणावं.”

“म्हशे, मीठ जास्त झालंय,” म्हणत थोरलीनं सगळी खाल्ली.

“म्हशे, ते पातेलं मी नेलं तेव्हाच पोचा पडलेलं होतं.”

“नव्हतं म्हणावं.” थोरलीनं पाय पाण्यात जरा पुढं सरकवले. “थोडंसं होतं गं, म्हशे.”

एवढं बोलून तिनं डोळे मिटले. आजच्या दिवसातलं हे सगळ्यात मोठं सुख होतं. धाकटी मात्र झाडाकडं बघत होती. झाडाखाली नुसता खुंटा होता. निरोप पोचवून कंटाळलेली म्हैस दोर तोडून सरळ वांग्याच्या रोपांकडे निघाली होती.

“म्हशे...” धाकटीच्या तोंडून निघालं. पण म्हशीची तक्रार म्हशीकडं कशी करणार? नऊ दिवसांचा अबोला एकीकडं, चारशे रोपं दुसरीकडं.

“जाऊबाई! म्हैस! रोपं!”

थोरली उठली ती धावतच. एक डावीकडून, एक उजवीकडून, अशी दोघींनी म्हैस वळवली. तीन रोपं तुडवली गेली, एक पोटात गेलं. बाकीची सगळी वाचली. म्हैस पुन्हा बांधताना धाकटीचा चेहरा उतरला. आपण हरलो, हे तिला आत्ता कळलं होतं. थोरली तुडवलेली रोपं सरळ करायला वाकली.

संध्याकाळी थोरलीचा नवरा झडप घेऊन आला. ती पाइपाला बसेना, एक माप मोठी निघाली. त्याची चिडचिड चालू असतानाच धाकट्या भावाचं लक्ष गेलं. दोघी जावा एकाच पायरीवर बसून चहा पीत होत्या, आणि आज चहात दूधही होतं.

“अरे वा, बोलल्या की!” तो म्हणाला. “आधी कोण बोललं? हरलं कोण?”

धाकटीनं कपात मान घातली.

“मी बोलले,” थोरली म्हणाली. “माझ्या जिभेला कुठं हाड आहे?”

धाकटीला असा ठसका लागला, की थोरलीला तिच्या पाठीवरून हात फिरवत बसावं लागलं.