नखावरची रेघ

“त्या पात्यावर माशी बसली एक आन् उडाल्या दोन!”

मी नळावर हे सांगितलं तेव्हा लंकाबाईनं भरला हंडा खाली ठेवला. “मग गेल्या कुठं त्या?”

“एक गेली पाथर्डीला. दुसरी तुझ्या घरात गुळावर बसली आसंल, बघ जा.”

भिंगारात आमच्या आळीला माझ्या थापांची सवयच होती. पण आमच्या ह्यांच्या, म्हणजे आसारामच्या धारेबद्दल थाप मारायला मला फार लांब जावं लागत नसे. नागापूरच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये ते छापखान्यांची कागद कापायची पाती घासत. माणसाच्या उंचीचं एकेक पातं. चाकावर घासून झालं तरी धारेला डोळ्यांना न दिसणारी खरखर राहते. ती ते तेल लावलेल्या दगडानं, हातानं काढायचे. मग अंगठ्याचं नख धारेवर अलगद ओढून बघायचे. अडलं की पुन्हा दगड. नखावर कायम बारीक रेघा. त्यांच्या हातचं पातं छापखान्यातून कधी माघारी आलं नव्हतं.

पंच्याण्णव साल असेल. एका सकाळी त्यांनी तव्यावरची भाकरी उचलली आणि तशीच धरून बसले.

“अहो, भाजंल ना!”

त्यांनी हाताकडं पाहिलं. बोटाला फोड आला होता.

“छबू, मला कळलंच न्हाई गं.”

शुगरनं बोटं बधिर झाली होती. फोडाचं त्यांना काही नव्हतं. “नखाला बी काय कळंना आता. आज मोठं पातं जायचंय. माघारी आलं तर मशीनवरनं उतरवून गेटवर बसवतील मला.”

“बसा की. येता-जाता सलाम मिळंल.”

ते हसले नाहीत.

दुपारी डबा घेऊन शेडवर गेले. माणसं बाहेर लिंबाखाली जेवत होती. हे पात्याशेजारी उभे. त्यांनी माझा अंगठा धरून धारेशी नेला.

“नख टेकव. दाबू नको. धारंवरनं बाहेर ओढ. तान्ह्या लेकराच्या गालावरनं फिरवतीस तसं.”

आयुष्यभर जिच्याबद्दल थापा मारल्या, ती धार पहिल्यांदा हाताला लागत होती. मध्याच्या जरा पुढं नख अडलं.

“हितं खरखरतंय.”

त्यांनी दगड फिरवला. “आता?”

“आजून वाईच.”

“आता?”

“आता लोणी.”

तेवढ्यात मालक रविकांतशेट आत आले. “छबूबाई, आज तुम्ही इकडं?”

मी हात पदराखाली घेतला. “ह्यांना गरम भाकरी लागती, शेट. इतकी गरम, की बसमधल्या मान्सांनी स्वेटर काढले!”

शेट हसत निघून गेले. हे धारेवरचं तेल पुसत राहिले, खाली मान घालून.

मग मी रोजच डबा नेऊ लागले. बारीक रेघा आता माझ्या अंगठ्याच्या नखावर उमटायला लागल्या. लंकाबाई म्हणायची, “म्हातारपणी लई पिरेम उतू चाललंय!”

“व्हय, रस्त्यावर सांडतंय. सायकली घसरायल्यात.”

खरं काय ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हंडा खालीसुद्धा न ठेवता लंकाबाई ते आळीभर करत सुटली असती.

पातं एकही माघारी आलं नाही. शेवटचं छापखान्यात पोचलं, त्याच आठवड्यात हे गेले. मशीनवरचा माणूस म्हणूनच गेले.

ह्यांना जाऊन चार-पाच महिने झाले. ऊन तापायला लागलं तेव्हा नात दीपा नेलकटर घेऊन माझ्यापुढं बसली. सगळी बोटं झाली.

“आजी, अंगठा दे की.”

“ऱ्हाऊ दे त्यो.”

नखावरची शेवटची रेघ वर सरकत सरकत अगदी टोकाशी आली होती.

“आगं, किती वाढलंय! पिठात रुततंय भाकरी थापताना.”

“रुतू दे.”

मी अंगठा मुठीत धरला. दीपा माझ्या तोंडाकडं बघत थांबली. आता आजी एखादी थाप मारणार, असं तिला वाटलं.

मला एकही सुचेना.