चष्मेवाटपाची नवी वेबसाइट

सुनंदाकाकूंच्या संस्थेची वेबसाइट पाहून नूपुरला घेरी यायचीच बाकी होती. पिवळ्याधमक पानावर काळीकुट्ट बंगाली अक्षरं, एकेक वांग्याएवढं! बँकेतून निवृत्त झाल्यावर दिलीपकाकांनी स्वतः खपून केलेलं ते काम. लोकांचे जुने चष्मे गोळा करायचे आणि डोळे तपासून गरजूंना फुकट द्यायचे, असा या नवराबायकोचा कोलकात्यात, बालीगंजमधला उद्योग.

"काकू, मी नवी करून देते. पैसेबिसे काही नकोत," नूपुर म्हणाली. वेबसाइट करणं हीच तिची नोकरी होती, तेव्हा एवढं तर करायलाच हवं.

तिने जीव ओतला. पांढरंशुभ्र पान, राखाडी रंगाची नाजूक, बारीक अक्षरं. नाव ठेवायला जागा नाही. काकूंनी फोन हातभर लांब धरून पाहिला.

"छान गं. अगदी स्वच्छ वाटतं."

काका नुसते "हं" म्हणाले. बिचारे रुसलेत, असं समजून नूपुरने सोडून दिलं.

रविवारी शहराच्या बेहाला भागात चष्मेवाटप होतं. वेळ, पत्ता सगळं वेबसाइटवर, आणि लिंक नेहमीसारखी सगळीकडे पाठवलेली. एरवी चौकशांनी काकूंचा फोन तापायचा. या खेपेला शुक्रवार उजाडला तरी कुणी हूं की चूं केलं नाही. चष्म्यांच्या पेट्या भरलेल्या, डॉक्टर सुट्टी सोडून येणार, आणि माणसांचा पत्ता नाही. काकूंचा चेहरा उतरला. संध्याकाळी ऑफिसमधून नूपुर थेट त्यांच्याकडे गेली.

"काकू, पत्ता चुकलाय का? जरा वाचून दाखवा."

काकूंनी फोन लांब धरला, जवळ धरला, मग कपाळ चाचपलं. "माझा चष्मा कुठे गेला? त्याशिवाय काय दिसणार मला?"

"मग त्या दिवशी छान कसं म्हणालात?"

"स्वच्छ वाटतं म्हटलं की. तू एवढी हौसेने केलेलीस, वाचता येत नाही कसं सांगू?"

आता कुठे नूपुरच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्यांना दिसत नाही म्हणून चष्मा हवा, त्यांना तिने मुंगीच्या पायाएवढी अक्षरं वाचायला दिली होती! काकूंसारखेच सगळे लाजून गप्प बसले असणार. शहाणपणा असा नडतो.

"माझं पिवळं पान मी पुसलेलं नाही हो," काका खुर्चीतून म्हणाले. आवाजात विजय मावत नव्हता.

नूपुरने तिथेच लॅपटॉप उघडला. पिवळा रंग परत आला, अक्षरं काकांच्याहून मोठी झाली, आणि काकूंचा नंबर अर्धं पान अडवून बसला. लिंक पुन्हा गेली. शनिवारी सकाळी चहा गाळतानाच काकूंचा फोन वाजला, तो दिवसभर थांबला नाही.

रविवारी रांग दारातून रस्त्यावर गेली. एका आजीबाईंनी नवा चष्मा नाकावर बसवला, आपला फोन काढला आणि ती वेबसाइट बघून तोंड वाकडं केलं.

"इतकी मोठी अक्षरं? कुणी केलंय हे?" त्यांनी बंगालीत विचारलं.

"मी," नूपुर म्हणाली. तिच्या कामाला ठेवलेलं नाव तिला इतकं गोड कधीच लागलं नव्हतं.