मी, पुलावर बंद पडणारी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी, फिकट निळी मोटारगाडी आहे. लोकांनी मला नावे ठेवली, ढकलले, एकदा तर एका गृहस्थाने माझ्या चाकाला लाथही मारली, पण मला सर्वांत जास्त लागलेले वाक्य म्हणजे, "हिला काहीच झालेलं नाही." ज्याला खरोखर काही होत असते, त्याला हे वाक्य किती झोंबते ते एखाद्या दुखणाइताला विचारा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा ठोकणारे, दारे बसवणारे, तारा जोडणारे असे कितीतरी हात माझ्यावरून फिरले. शेवटी एका कामगाराने माझे इंजिन पहिल्यांदा सुरू केले, कान देऊन ऐकले आणि "शहाणी आहेस" असे म्हणून बॉनेट मिटले. ती माझी पहिली शाबासकी. पुढे मी एका कापडदुकानदाराकडे गेले. नव्याचे नऊ दिवस त्याने मला मिरवले, मग वापरले, आणि दुसरी गाडी आल्यावर गोदामामागे उभी करून विसरून गेला. तिथे माझ्या सीटवर उंदरांनी संसार थाटले. तिथून मला ताईने आणले.

ताई परिचारिका आहे. ज्यांना अंथरुणावरून उठवत नाही अशांच्या घरी जाऊन ती जखमा धुते, पट्ट्या बदलते, इंजेक्शने देते. रुग्ण तिला सिस्टर म्हणतात, पण तिचे वडील तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते.

या वडिलांविषयी, म्हणजे बाबांविषयी, मला नीट सांगायला हवे. बाबा नळकाम करत. जन्मभर त्यांनी एकच वैरी मानला, तो म्हणजे गळती. कुठे नळ ठिबकताना ऐकू आला की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. पाहुणे म्हणून कुणाकडे गेले तरी आधी मोरीत जाऊन नळ आवळून येत आणि मगच चहाचा कप हातात घेत. वयाने हात थरथरू लागले तसे काम सुटले. बाबा खिडकीशी बसून राहू लागले. अशात मी दारात आले आणि त्यांना पुन्हा सकाळ मिळाली. काच पुसणे, चाकांतली हवा बघणे, रेडिएटरमध्ये पाणी घालणे, हे सारे ताई उठायच्या आत उरकलेले असे. माझ्यासारख्या म्हातारीचे इतके लाड कुणी केले नसतील.

एकदा एका रुग्णाने ताईला सांगितले, "सिस्टर, तुमच्या कपड्यांना पेट्रोलचा वास येतो हो, मला मळमळतं." ताई हिरमुसली होऊन घरी आली. ते ऐकून बाबा माझ्याभोवती हुंगत फिरले आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणापाशी थांबले. झाकणाला एक बारीकसे भोक होते आणि वास तिथून येत होता. मित्रांनो, ते भोक कारखान्यातल्या लोकांनी जाणूनबुजून ठेवलेले असते. टाकीतले पेट्रोल जसजसे कमी होते, तसतशी त्या जागी बाहेरची हवा आत जावी लागते. बाबांना मात्र ती गळतीच वाटली. नळाच्या सांध्याला लावायचा मसाला त्यांनी त्या भोकात दाबून भरला, जुन्या ट्यूबमधून जाड वायसर कापून झाकणाच्या आत बसवला आणि सारा जोर लावून झाकण आवळले. वास गेला. ताई खूश झाली आणि बाबा दिवसभर मिशीतल्या मिशीत हसत राहिले.

तिथून माझे दिवस फिरले. जवळच्या फेरीत मला काही होत नसे. पण दूर जायचे झाले की टाकीतले पेट्रोल खाली जाई आणि हवा आत येत नसे. बाटलीतली हवा तोंडाने ओढून घेतली की जीभ कशी बाटलीला चिकटून बसते? तसेच व्हायचे. पंप ओढून ओढून दमे, पेट्रोल जागचे हलत नसे, आणि मी दोन आचके देऊन एकदम गप्प होई. थोड्या वेळाने कुठल्यातरी फटीतून हवा झिरपली की पुन्हा चालू. ताईचा लांबचा फेरा नदीपलीकडे असे, त्यामुळे माझा दम बहुतेक वेळा पुलावरच संपायचा.

मला गॅरेजमध्ये नेले. तिथल्या मिस्त्रीला सगळे 'थांबामिस्त्री' म्हणत, कारण गिऱ्हाईक काहीही बोलू लागले की तो "थांबा, थांबा" म्हणून आधी इंजिनाचे ऐकत असे. माणूस कसबी होता, पण माझे दुखणे त्याला सापडेना. त्याला कारण होते. कुणाच्या दारी रिकाम्या पोटी जाऊ नये, या रीतीने बाबा गॅरेजला जाण्याआधी आठवणीने माझ्यात पेट्रोल भरवत. त्यासाठी झाकण उघडले जाई, हवा आत शिरे, आणि मिस्त्रीसमोर मी गुणी मुलीसारखी वागे. त्याने प्लग बदलले, कॉइल बदलली, शेवटी पंपही नवा घातला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! "सिस्टर, हिला काहीच झालेलं नाही," तो म्हणाला. मी काय सांगणार? मुकी बिचारी कुणीही हाका.

मग तो दिवस आला. नदीपलीकडे एक आजी होत्या. त्यांच्या पोटातले दुखणे बरे होण्यातले नव्हते. ताईच्या हातचे इंजेक्शन मिळाले की तेवढा दिवस त्यांना सुखाचा जाई. त्यांच्याकडे जाताना मी पुलाच्या मध्यावर बंद पडले. मागच्या ट्रकने करकचून ब्रेक दाबला आणि तो माझ्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला. ताईच्या तोंडचे पाणी पळाले. लोकांनी मला कडेला ढकलले, ती दुसऱ्याच्या गाडीवर बसून पुढे गेली, पण ती पोचेपर्यंत इंजेक्शनची वेळ केव्हाच टळून गेली होती. परत आल्यावर ती आत बसली आणि स्टिअरिंगवर डोके टेकून रडू लागली. रडता रडता एकटीच बोलत होती, "ओरडून ओरडून घसा बसला त्यांचा. माझी वाट बघत होत्या." मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ ओझे वाहिले, पण त्या दिवशी घरी येताना एवढे जड मला कधी वाटले नव्हते.

"बाबा, हिला भंगारात देऊन टाकू," ताई घरी येऊन म्हणाली. "आज मी वाचले. उद्याचं कुणी सांगावं?"

बाबांचा चेहरा उतरला. मी गेले की ते पुन्हा खिडकीशी बसणार, हे त्यांनाही कळत होते आणि मलाही. ते म्हणाले, "एकदा मिस्त्रीला सोबत घेऊन जाऊ. बंद पडेपर्यंत चालवू. मग तू म्हणशील तसं."

दुसऱ्या दिवशी तिघे निघाले. बाबा सवयीने पेट्रोलपंपाकडे बोट दाखवू लागले, पण ताई म्हणाली, "अर्धी टाकी आहे, बाबा. चला आता." पूल ओलांडला आणि पलीकडच्या गोदामांच्या भिंतीपाशी मी बंद पडले. ताईने कपाळाला हात लावला. मला मात्र हायसे वाटले.

"थांबा. कुणी कशाला हात लावू नका," मिस्त्री म्हणाला. त्याने एक प्लग काढून पाहिला. ठिणगी चांगली टपोरी पडत होती. मग पंपाकडून इंजिनाकडे जाणारी नळी सोडवून त्याने तिचे तोंड बाटलीत धरले आणि ताईला किल्ली फिरवायला सांगितली. पंप धडपडला, पण पेट्रोलचा थेंब नाही. "ठिणगी आहे, पंप नवा आहे, टाकी अर्धी आहे. मग पेट्रोल रुसलंय कुणावर?" असे पुटपुटत तो मागे आला आणि झाकण फिरवू लागला. झाकण हलेना.

"ते मी आवळलंय," बाबा पुढे होत म्हणाले. "मलाच सुटेल." त्यांनी दोन्ही हातांनी झाकण फिरवले. सूंऽऽ करून हवा आत घुसली. मिस्त्री धावत पुढे गेला. "सिस्टर, मारा किल्ली!" आणि पेट्रोलची धार बाटलीत उसळली.

मिस्त्री आनंदाने मागे वळला. बाबा झाकण हातात घेऊन उभे होते. आत भरलेला मसाला आणि आपल्याच हाताने कापलेला वायसर त्यांना दिसत होता.

"वरच्या टाकीचं झाकण हवाबंद बसलं की खालचा नळ वाहत नाही," ते हळूच म्हणाले. "हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो."

"काका, झाकणं जुनी झाली की होतं असं," मिस्त्री सावरून घेऊ लागला.

"थांबा, मिस्त्री. हे माझ्या हातचं आहे. पोरीला वास येऊ नये म्हणून मी भोक बुजवलं."

ताईने तोंड फिरवले. मिस्त्रीने वायसर काढून झाकण सैलसर बसवले आणि नवीन झाकण आणून देण्याचे कबूल केले.

माझे दुखणे गेले, पण घराचे सुरू झाले. बाबा माझ्याजवळ फिरकेनात. माझ्या काचेवर धूळ साचली. ताई घाईने यायची आणि तशीच धुळीतून बघत निघायची. तिचा राग खोटा नव्हता. ट्रकचा तो ब्रेक आणि आजींचा बसलेला घसा तिच्या कानातून जात नव्हता. मला दोघांचेही वाईट वाटे. चूक खरी होती आणि मायाही खरी होती.

एका सकाळी ताई आत बसली आणि सैल झाकणामुळे पुन्हा येऊ लागलेला पेट्रोलचा वास तिच्या नाकात शिरला. तिने बाही नाकाशी नेली, हुंगली आणि लावलेली किल्ली पुन्हा काढून घेतली. मग खाली उतरली, माझे झाकण काढून घरात घेऊन गेली आणि बाबांना हाताला धरून पायरीवर घेऊन आली. बाबांच्या दुसऱ्या हातात त्यांचे जुने हातड्रिल होते.

"मिस्त्री नवीन देतोय ना," बाबा म्हणाले.

"नवीन नको. ह्यालाच नवं भोक पाडून द्या."

"माझा हात थरथरतो, ताई. घसरलं तर तुझ्या बोटात जाईल."

"तुम्ही पाडा. झाकण मी धरते."

ती पायरीवर बसली आणि तिने दोन्ही हातांनी झाकण घट्ट धरले. ड्रिल एकदा घसरले आणि तिच्या नखाजवळ ओरखडा उठला. बाबा थबकले. ताईने बोटे मागे घेतली नाहीत. बाबांनी पुन्हा टोक टेकवले, दात दाबून दांडा फिरवला, आणि जुन्या भोकाशेजारी एक नवे, थोडेसे तिरपे भोक पडले. त्यांनी त्यावर फुंकर मारली आणि हवा जाते का ते पाहायला पलीकडे तळवा धरला.

"वास येईल हं थोडा," ते म्हणाले.

"येऊ दे," ताई म्हणाली, आणि तिने डोळे पुसले.

आता बाबा नाहीत. ताई स्वतःच माझी काच पुसते, पण घाईत पुसते, कोपरे राहून जातात. मी मात्र त्यानंतर पुलावर कधी थांबले नाही.

मित्रांनो, ज्यांच्यावर तुमची माया आहे, त्यांची काळजी जरूर घ्या. पण त्यांना काय हवे आहे ते आधी विचारा, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांचे नीट ऐका. आणि कुणाची माया चुकली, तर त्याच्या हातातले काम काढून घेऊ नका. त्याचा हात थरथरत असेल, तर झाकण तुम्ही धरा.